बरणीतला आवळा

चिचगडच्या दवाखान्यात बीपी तपासायच्या रांगेत माझ्यापुढं एक म्हातारं जोडपं होतं.

"किती वेळ लावून राहिली ही नर्स? आपला नंबर कधी येते?"

"येते. चुळबुळ नका करू, बीपी अजून चढंल."

"तीन महिने झाले मीठ सोडून, तरी चढूनच राहिला. काऊन?"

"मले काय माहीत! अन् तोंडात काय आहे?"

"आवळा. पोटाले, डोळ्याले, खोकल्याले, साऱ्याले चांगला."

"बरणीतला? मी मीठ लावून वाळवलेला?"

"दिवसाचे धा-बारा तं खातो, बस."

"अन् मी येडी! तुमाले एकट्याले अळणी वरण गिळवत नसंल म्हणून तीन महिने तेच खाऊन राहिली."