स्थळाकडची मोटार

"जरा सरका की, उजेड अडवताय!" निगडीच्या बसच्या रांगेत पुढची बाई नवऱ्यावर खेकसली, तशी मागं उभ्या असलेल्या सलिमाची मान आपोआप लांब झाली. बाईच्या हातात जुना, पिवळा पडलेला फोटो होता.

"पोराचा आजा हाय मोटारीत. घरची मोटार होती म्हनत्यात."

"सोजर, पोरगा कंपनीत पर्मनंट हाय. आपल्याला पोरगी द्यायचीय, मोटार घ्यायची न्हाई."

"आत्ताच खोटं बोलत असले, तर पुढं पोरीला काय खरं सांगतील? कुठली गाडी ही?"

"डॉज असंल."

"डॉजला दिवा एकच?"

"दुसरा पलीकडं असंल."

"बरं. आन् आजा आत बसलाय, तर त्याच्या चपला गाडीखालनं कशा दिसत्यात?"

नवरा बस येते का बघू लागला.

"बोला की! फसवी मानसं हायती. आजच नकार कळवा."

"हळू बोल."

"का म्हनून हळू?"

"जत्रंतल्या फोटोवाल्याची पुठ्ठ्याची मोटार हाय ती, सोजर. तुझ्या बापाचा जो फोटो तू त्यांना धाडलास, त्यातबी हीच हाय."