बिनडोळ्याचे कंद

नौरोज आठ दिवसांवर आला होता आणि नानवाल्याची रांग काही हलत नव्हती. बहराम मास्तरांच्या पुढे तूबा आणि मोलूक या दोघी म्हाताऱ्या शेजारणी उभ्या होत्या. मास्तरांचे कान आपोआप तिकडे लागले.

“तूबा, गेल्या वर्षी दिलेल्या तुझ्या डेलियाचा एकही कंद फुटला नाही हं.”

“पाणी फार घातलं असशील.”

“कराज शहरात मुलाकडे राहायला गेले, तिथे त्याच्या गच्चीत लावले, अर्धा उन्हाळा वाट बघितली. शेवटी तिथला माळी म्हणाला, आजी, यांना डोळाच नाही, कोंब फुटणार कुठून?”

“हं.”

“चाळीस वर्षं कंद कापतेस. तुला डोळा दिसला नाही?”

“दिसला ना. म्हणून तर काढून ठेवला.”

“आणि देताना म्हणालीस, जीव ओवाळून टाकीन तुझ्यावरून.”

“तू कायमची निघाली होतीस. माझी डेलिया तिकडे फुलली असती, तर इकडे कशाला फिरकली असतीस?”

“म्हणजे कंदांसाठी परत आले मी?”

“ते मला काय माहीत. आलीस ना. डोळ्याचे कंद तळघरातल्या वाळूत ठेवलेत, बोटभर कोंब आलेत. संध्याकाळी घेऊन जा.”

“आणि पुन्हा कराजला नेले तर?”

“काल वाफा खणत होतीस. भिंतीवरून दिसतं मला.”

“दिसत होतं, तर हातभार लावायला का नाही आलीस?”