बंद कार्डाचा उपयोग

बँकेच्या खिडकीशी शिंपीणबाई थकबाकीची नोटीस घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या मागच्या पेंटरच्या खिशातही तसलीच नोटीस होती, म्हणून त्याने कान टवकारले.

“ताई, चार हप्ते थकलेत. म्हणून क्रेडिट कार्ड बंद केलंय,” खिडकीतला कारकून म्हणाला.

“ते कळलं. पण तुमचा वसुलीवाला गिऱ्हाइकांसमोर ‘मशीन उचलून नेईन’ म्हणाला, ते कशाबद्दल?”

“बोलला असेल रागात.”

“मग मीही रागातच सांगते. महिन्याला दोन हजार भरीन, आणि तो माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढणार नाही. लिहून द्या.”

“अहो, तोंडी चालतं.”

“मी बाहीचं मापसुद्धा तोंडी घेत नाही. लिहा आणि शिक्का मारा.”

शिक्का दणकन बसला. पेंटरने खिशातली नोटीस काढून हातात घेतली.

“घ्या. हप्ते नीट भरलेत तर कार्ड परत चालू करू.”

“अजिबात नको.”

“मग ते इथे जमा करा.”

“तेही नाही. बंद पडल्यापासून त्याच्या कोपऱ्यानं मी शिवून उलटवलेल्या कॉलरची टोकं बाहेर काढते. चालू होतं तेव्हा मेलं एवढं कामाचं नव्हतं.”