हिरवा ठिपका

नको नको, पंखा बंद करू नकोस गं! थंडी वाजतेय ना, कळतंय मला, ही शाल घे, घे, धुतलेली आहे, पण पंख्याला हात लावू नकोस. तो दोरा दिसतोय? पंख्याच्या मानेपासून निघालाय तो माउसपर्यंत. पंखा इकडे वळला की माउस इकडे, तिकडे वळला की तिकडे. युक्ती माझ्या पोराची, दोरा माझा. जीन्सला मारते मी तो जाडा. माउस हलत राहिला की लॅपटॉप झोपत नाही आणि त्याच्या नावापुढचा ठिपका हिरवा राहतो. हिरवा म्हणजे माणूस कामावर आहे, पिवळा म्हणजे उठून गेला — मी तुला काय सांगतेय, तुझ्याही नावापुढे असतोच की तो.

बस ना. कंपनीला लॅपटॉप परत हवाय, मी काही देत नाही म्हणत नाहीये. त्यांची वस्तू त्यांना जायलाच हवी, ह्याचे बाबाही तेच म्हणतात. आत आहेत ते, बाहेर येणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस. तू आपणहून आलीस ते बरं झालं. मला वाटलं कुरिअरवाला येईल, सही घेईल नि चालू लागेल. तू त्याच्याच बॅचची ना? मग ते सगळं तुला ठाऊकच आहे — बारावी झाली की एवढ्या मोठ्या कंपनीत नोकरी, चार दिवस काम, एक दिवस कॉलेज, फी कंपनीची, आणि शेवटी कॉम्प्युटरची पदवी हातात. मी तर गल्लीभर सांगत सुटले होते. उंची कमी करायला पँट घेऊन कुणी आलं की माप घेता घेता हेच — आमचा शिकतोही आणि कमावतोही! लोकांना आपली पँट केव्हा मिळणार याची चिंता, आणि मी आपली त्याचं पुराण लावून बसलेली. चार नि एक पाच, हे मला जमतं. पण तो एक दिवसाचा अभ्यास करायचा कधी, हा हिशेब मी केलाच नाही. शनिवार-रविवार इथेच, या खुर्चीत. मी म्हणायची, झोप रे जरा. तर म्हणायचा, आई, सर्व्हर झोपतो का कधी? हसायचा. मीही हसायची. हसायला काय जातं.

त्या दिवशी ना — तुला कुणी सांगितलंय का नीट? नाही? — कॉलेजचा त्याचा वार गुरुवार, पण परीक्षा ठेवली मंगळवारी. मंगळवार कामाचा. सुट्टी माग म्हटलं, तर नाही, आधीच्याच महिन्यात एक घेतलीय, टीमचा लीड तोंड वाकडं करतो. म्हणून हा दोरा. दोन तासांत येतो आई, तू फक्त बघ पंखा थांबत नाहीये ना. मी बघत होते. मशीन चालवत होते नि मधे मधे बघत होते, हिरवा आहे, हिरवा आहे. तिकडे तो सिग्नलला उभा. सिग्नल सुटला, सगळे निघाले, हा तसाच. डोळा लागला असावा म्हणतात. उभ्या गाडीवर, हँडल धरून! मागून ट्रक आला. ट्रकवाल्याचं काय चुकलं? हिरवा लागलेला, त्याला वाटलं हाही निघणार.

पाणी हवंय का तुला?

तर हॉस्पिटलातून आम्ही आलो, माणसं आली, माणसं गेली, आणि पंखा आपला फिरतोच आहे. ठिपका हिरवा. कुणाला सुचतंय बंद करायला? मग एक दिवस टिंग वाजलं. लीडने काहीतरी विचारलं होतं. मला काय कळतंय, मी तो अंगठ्याचा दाबला, बरं म्हणायचा. ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा टिंग, पुन्हा अंगठा. लॅपटॉप मधेच विचारायचा, बंद करून चालू करू का? मी 'नंतर' दाबायची. हे मी कुणाला बोलले नाहीये हं, ह्यांनाही नाही. आणि ऐक तरी गंमत, तिसऱ्या आठवड्यात लीडने लिहिलं — वरच्या मजल्यावरच्या मुलीकडून वाचून घेतलं मी — 'हल्ली छान प्रतिसाद देतोस, असाच राहा.' माझा पोरगा जिवंत होता तेव्हा एकदा नाही आलं गं असं. एकदा नाही.

मग तो कॉल. तांबडं दाबायचं ते माझ्याकडून भलतंच दाबलं गेलं, आणि पडद्यावर इतके चेहरे, मधे मी, गळ्यात टेप. तू होतीस ना त्यात, खाली कोपऱ्यात? ते विचारतात, तो आहे का? आणि मी म्हटलं, बाहेर गेलाय. जीभच वळली नाही दुसरं बोलायला. बरं, आल्यावर सांगा, म्हणाले, नि कामाला लागले. सगळ्यांत तुझा एकटीचा फोन आला संध्याकाळी. काकू, काय झालंय? तेव्हा कुठे माझ्या तोंडून निघालं.

आता बंद करशील तू, मला ठाऊक आहे. त्याआधी एवढं वाच. हा त्याचा कॉलेजचा लेख, इथे थांबलाय. 'यावरून असं लक्षात येतं की', आणि पुढे नुसती ही रेघ मिचमिच करतेय. तूही लिहिलास ना हाच? मग सांग, काय लक्षात येतं?

हं. सावकाश सांग. एकाच सर्व्हरवर... सगळा भार टाकू नये. दोघांत वाटावा.

एवढंच?

एवढंच लिहायचं राहिलं होतं?

असू दे. रडू नकोस. लाव झाकण, वायर गुंडाळून घे. आता अकरा वाजत आले, तू आज सुट्टी टाकून आलीस ना गं? ... मग? कामाच्या वेळात आलीस? ... माझ्याकडे बघ. तुझा लॅपटॉप कुठाय? ... घरी. चालू? ... कोण बसलंय तिथे?

तुझी आई?

ऊठ. ऊठ बाळ, आधी फोन लाव तिला. उठू दे तिला तिथून. आणि मग जा घरी, झोप. सावकाश जा.