लग्नाच्या भिंती आन् वरच्या मजल्यावरचा वर्ग

मी अंथुर्ण्याची. आजा मेंढरांमागं फिरला, आबांनी ऊस लावला, आन् आमच्या घरात पहिली बी.ए. मी झाले, बाहेरून बसून, ब्याण्णव साली, हे आधी लिवा ताई. रांगायच्या वयात पोलिओनं दोन्ही पाय गेले. लोक आबांचं नाव घेऊन म्हणायचे, हनुमंताची पोर रांगतच ऱ्हायली. ऱ्हायली तर ऱ्हायली, रांगत शाळंत गेले.

काय सांगू तुमाला, आमच्याकडं लग्नघराची भिंत रंगवत्यात, दाराच्या दोन्ही अंगाला हत्ती, वर गणपती, नवरा-नवरीचं नाव. मला पार लोणी भापकरपासनं बोलावणं यायचं. बाजेवर बाज ठेवून मला वर बसवायचे. पण लग्नादिवशी घरची म्हातारी कानात सांगायची, पोरी, अक्षता पडूस्तवर गोठ्याकडं बस, नवरदेवाच्या म्होरं नको येऊ. माझा हत्ती चालतो, मी न्हाय चालत. म्हशीसंगं बसून बुंदी खाल्लीय मी.

म्हणून ठरवलं, चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा करायचा, पगाराची बाई व्हायचं, मग बघू कोण गोठ्यात बसवतंय. बारामतीला मुलाखत, वर्ग वरच्या मजल्यावर. आबांनी मला पाठकुळी घेतलं, जिन्यात त्यांना धाप लागली. सरांनी चित्रं चाळली, म्हणाले हात चांगला हाय, पण शिक्षक उभा राहून शिकवतो, तुझा हात फळ्याला पोचणार कसा, आन् रोज तुला वर आणणार कोण? मी म्हणलं, सर, वर्ग खाली घ्या. सर हसले. हसले, ताई! खालच्या खोलीत काय होतं म्हाईताय? मास्तरांच्या सायकली.

कळस पुढंच हाय. जिना उतरतोय तर शिपाई मागनं पळत आला, म्हणाला, सरांच्या पुतणीचं लग्न हाय पिंपळीला, भिंत रंगवून देणार का म्हणून इचारलंय. आबा बिचारे व्हय म्हणाया लागले. मी त्यांच्या पाठीवरनंच वरडले, न्हाय!

प्रवेश मिळाला न्हाय. पुढच्या साली न्हाय, त्याच्या पुढच्याबी साली न्हाय. आता अपंगांसाठी कायदा झालाय म्हणं, बहुतेक त्यालाबी तो जिना चढता आला न्हाय.

यंदा पुन्हा अर्ज टाकलाय. आबा थकलेत, त्यांच्या पाठीवर आता बसायची न्हाय मी. जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी चित्रं मांडून बसणार, माझं नाव पुकारलं की तितनंच ओ देणार. मुलाखत घ्यायची तर खाली या म्हणावं. देव सरांचं गुडघं शाबूत ठेवो, त्यांना उतरायचं हाय.