पलंगाच्या पोटातली पुस्तकं

अगं, भंवरकुआंच्या नव्या फ्लॅटमध्ये माझ्या पुस्तकांचं काय झालं ते ऐक. इंटीरियरवाला म्हणाला, "आंटीजी, पुरानी किताबों से हॉल का लुक बिगड़ेगा." लगेच आमच्या समीरनं माझी सगळी पुस्तकं स्वतःच्या बॉक्स-पलंगात भरली आणि शोकेसमध्ये डिनर सेट मांडला.

तुला माहितीये, मी एका वेळी चार-पाच पुस्तकं वाचते. रविवारी दुपारी तो आडवा झाला, की मी हजर. "ऊठ, गादी उचल. पुस्तक पाहिजे." डोळा लागतोय तोच पुन्हा गेले. "याचं एक प्रकरण झालं, आता दुसरं पुस्तक दे."

संध्याकाळपर्यंत हात जोडले त्यानं. "आई, शोकेस तुझी!"

आता डिनर सेट पलंगात आहे. त्याच्यासाठी अजून कोणालाच उठवावं लागलेलं नाही.