खाडीतली राखण

हसणार असाल तर सांगत न्हाई. पंचाहत्तरीला पोरांना म्हणलं, केक नको, मी एकटाच कोकणात किल्ला बघायला चाललो. वाटेत होडी खाडीच्या दलदलीत थांबली. लांब पायांच्या गुलाबी पाखरांचा थवा चिखलात उतरायला लागला. होडीत शेजारी बसलेली बाई कॅमेरा धरून कुजबुजली, "आजोबा, यांच्यासाठी चार वर्षं येतेय. आज दिसले."

माझा जन्म गेला पाथर्डीत ज्वारी राखण्यात. थवा उतरताना बघितला अन् मी उभा राहून बोंबललो, "हाऽऽ हुर्र!"

सगळी पाखरं उडाली. बाईनं कॅमेरा गुमान पिशवीत ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं हुतं. माझी मान वर होईना.

होडीवाला म्हणाला, "चला आजोबा, किल्ल्यावर. तो तरी उडून जायचा नाही."